पाहुण्यांचं पुणं

मे महिना लागला, की आमच्या निमोण्यातली पोरं पुण्याला जायचा हट्ट धरतात. कुणाची मावशी हडपसरला असते, कुणाचा चुलता पिंपरीला कंपनीत असतो. यादी ठरलेली असते. शनिवारवाडा बघायचा, पर्वती चढायची, सारसबागेजवळ भेळ खायची, कात्रजला वाघ बघायचा, मस्तानी प्यायची. अलीकडं त्यात मेट्रोची भर पडली आहे. चार दिवसांत हे सगळं उरकून पोरं परत येतात आणि पुढचा महिनाभर पारावर तेच पुरवून पुरवून सांगतात.

श्रोतेहो, एवढ्या साध्या यादीला काही इतिहास असेल, असं कुणाच्या मनात येत नाही. वाडा बाजीरावांनी बांधला, पर्वतीचं देऊळ नानासाहेबांनी बांधलं, हे शाळेत सांगतात. पण तो वाडा बघायला शिरूर तालुक्यातला शेतकरी कधी जायला लागला? हॉटेलात बसून चहा मागायचा धीर त्याला कधी झाला? पर्वतीच्या देवळाचं दार कुणाला उघडं होतं आणि कुणाला बंद? मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. इमारत कुणी बांधली हे मुलं पाठ करतात. तिच्या दारातून आत कोण गेलं, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. आज उन्हाळ्यातल्या पुण्याबद्दल मला तेवढंच विचारायचं आहे.

आधी आमच्या बाजूची थोडी ओळख. निमोणे हे शिरूर तालुक्यातलं घोड नदीच्या खोऱ्यातलं गाव. तालुका पर्जन्यछायेचा. धरण आणि कालवा होईपर्यंत पावसाच्या भरवशावर ज्वारी-बाजरी पिकवायची, एवढाच व्यवहार. तालुक्याच्या गावाला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. घोडनदीला गेलं की पुणे-नगर रस्ता लागतो. रांजणगावचा गणपती, कोरेगाव भीमा, वाघोली अशी गावं मागं टाकत पासष्ट-सत्तर किलोमीटरवर पुणं येतं.

हा रस्ता जुना आणि वहिवाटीचा. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी तिथूनच पुण्याकडं निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढाई झाली. या रस्त्यानं फौजा गेल्या, व्यापारी गेले, यात्रेकरू गेले. पण पुणं नुसतं बघायला म्हणून शेतकरी या रस्त्यानं गेल्याचं फारसं ऐकू येत नाही. त्याला पुण्याला नेई ते कोर्टाचं समन्स, नाहीतर सावकाराचं काम.

यात मी काही वाढवून सांगत नाही. आमच्या शेजारचंच गाव करडे. डिसेंबर १८७४ मध्ये या गावानं एका सावकारावर बहिष्कार घातला. त्याचं शेत कसायचं नाही, त्याच्या दुकानातून काही घ्यायचं नाही, न्हाव्यानं त्याची हजामत करायची नाही, असं ठरलं. ते लोण गावोगाव पसरलं आणि १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

आता गंमत बघा. त्याच १८७५ च्या उन्हाळ्यात पुण्यात एक नवी गोष्ट सुरू झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तेव्हा पुण्यात न्यायाधीश होते. उन्हाळ्यात कोर्टांना सुट्टी, शाळा-कॉलेजांना सुट्टी. वकील, शिक्षक, विद्यार्थी असे सगळे मोकळे. या मोकळ्या वेळात रोज संध्याकाळी कुणीतरी विद्वानानं एखाद्या विषयावर बोलावं आणि लोकांनी ऐकावं, अशी कल्पना निघाली. तीच वसंत व्याख्यानमाला. पुढं हिराबागेत ती भरू लागली आणि आता टिळक स्मारक मंदिरात २१ एप्रिल ते २० मे या काळात होते. दीडशे वर्षांची परंपरा आहे तिला.

एकाच वैशाखात, एकाच जिल्ह्यात, एकीकडं व्याख्यानं आणि दुसरीकडं जळणाऱ्या वह्या. शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दल पुण्यात कुणाला आस्था नव्हती, असं नाही. सार्वजनिक सभेनं त्या प्रश्नाचा अभ्यास केला होता, रानड्यांनी त्यावर लिहिलं, आणि १८७९ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून थोडी सुटका देणारा कायदाही केला. पण ज्याच्याविषयी बोलणं चाले, तो शेतकरी सभेत समोर बसलेला नसे. पुण्याला जाऊन व्याख्यान ऐकून यावं, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

मग पुण्याला पाहुणे येत नव्हते का? येत होते, आणि फार पूर्वीपासून येत होते. पेशवाईत श्रावण महिन्यात दक्षिणेसाठी देशभरातून हजारो ब्राह्मण पुण्यात येत. पर्वतीच्या पायथ्याला रमणा होता, तिथं त्यांना दक्षिणा वाटली जाई. त्या काळातला हा सर्वांत मोठा पाहुणचार म्हणावा लागेल. पर्वतीच्याच पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. वाघ, सिंह, गेंडे असे प्राणी तिथं बाळगलेले होते. सवाई माधवरावांच्या काळात, १७९० मध्ये, गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकारानं इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठी तिथल्या गेंड्याचं चित्र काढलं. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. परदेशच्या माणसाला गेंडा बघायला मिळाला, त्याचं चित्रही मिळालं. आमच्या पूर्वजांनी गेंडा हा शब्द पोथीत ऐकला असेल तेवढाच.

इंग्रजी अमदानी आली आणि पाहुणे बदलले. मुंबईच्या गव्हर्नराचा मुक्काम हंगामाप्रमाणं फिरे. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणं. गणेशखिंडीत त्याच्यासाठी मोठं निवासस्थान बांधलं गेलं. आज तिथं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. गव्हर्नर आला की त्याच्यामागून अधिकारी येत, संस्थानिक येत, घोड्यांच्या शर्यती होत, बंडगार्डनला फिरणं होई. म्हणजे साहेबाच्या लेखी पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला. मे महिन्यातलं पुणं हे त्याच्या कामाचं नव्हतं.

उन्हाळ्याचा हंगाम घडवला तो इथल्या माणसांनी. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. दुपारी ऊन भाजून काढतं, पण हवा कोरडी असते आणि संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटतो. बाहेर बसायला, हिंडायला ती वेळ उत्तम. कोर्ट आणि शाळा बंद म्हणून शहरातला माणूस मोकळा. रब्बीचं पीक घरात आलेलं आणि मृगाला अवकाश, म्हणून गावचा माणूसही मोकळा. जत्रा, लग्नं, पाहुणे, सगळं याच दोन महिन्यांत. दोघांची सवड एकच होती. अडत होतं ते दारांवर.

ही दारं कुठली, ते एकेक सांगतो.

पहिलं दार पाण्याचं. उन्हाळ्यात परगावी गेलेल्या माणसाला आधी लागतं ते पाणी. पुण्याच्या पाण्याचं मोठं कौतुक आहे, आणि ते रास्तच आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणलं. ते ठिकठिकाणच्या हौदांत पडे आणि लोक तिथून भरत. काळा हौद, बदामी हौद, नानांचा हौद अशी नावं अजून ऐकू येतात. पण हौद सार्वजनिक असला, तरी अस्पृश्य मानलेल्या माणसाला त्याला हात लावता येत नसे. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला. शहरात एवढे हौद असताना एका माणसाला स्वतःच्या अंगणातला हौद उघडावा लागला. आज पुण्यात पाण्याची बाटली कुणी कुणाला जात विचारून विकत नाही. आपण ते गृहीत धरतो, पण हे गृहीत धरणं फार जुनं नाही.

दुसरं दार खाण्यापिण्याचं. आज पुण्यात जाऊन काही खाल्लं नाही, तर पुणं बघितल्यासारखं वाटत नाही. जुन्या पुण्यात मात्र कुणाच्या हातचं, कुणाच्या पंगतीला, काय खाल्लं यावर माणसाचं समाजातलं स्थान ठरे. खाणावळीसुद्धा जातीच्या नावानं ओळखल्या जात. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या काही प्रतिष्ठितांना बोलावणं होतं. व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं पुढं आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळकही होते. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप पुढं ओढला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरभर वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एवढ्या मोठ्या माणसांना एका कप चहाचा हा हिशेब द्यावा लागला. मग खेड्यातून आलेल्या, कुणाच्या ओळखीच्या नसलेल्या माणसाची काय कथा?

पुढं इराणी आले. त्यांच्या हॉटेलात संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या आणि कपात चहा. डेक्कनवरचं ‘गुडलक’ १९३५ चं. त्यामागून दक्षिणेतले उडुपी आले. या दोघांनीही इथल्या पंगतीचे नियम आणले नव्हते. त्यांना गिऱ्हाईक हवं होतं. जो पैसे देईल तो गिऱ्हाईक. पुण्याच्या सामाजिक इतिहासात सुधारकांची नावं आपण आदरानं घेतो, ती घ्यायलाच हवीत. पण मोठ्या शहरात अनोळखी माणसांना एका टेबलाशी बसवण्याचं काम या हॉटेलवाल्यांनीही केलं, हे विसरता येत नाही.

तिसरं दार बाजाराचं. १८८६ मध्ये पुण्याची मंडई उभी राहिली. गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावावरून तिचं नाव ‘रे मार्केट’. नगरपालिकेत असताना फुल्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि त्यांच्या पुढाकारानं त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. इतिहास असा उलटापालटा चालतो. पण या मंडईनं आमच्यासारख्या गावांना एक कारण दिलं. माल विकायला जायचं, आणि विकून झालं की उरलेल्या वेळात शहर बघायचं. आमच्या घरातलं पहिलं ‘पुणे दर्शन’ हे असंच झालं. आजोबा कांदा घेऊन गेले, पट्टी हातात पडली आणि गाडीला अवकाश होता म्हणून शनिवारवाड्याच्या दरवाजापुढं उभे राहिले. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला होता. उरले होते तट, बुरूज आणि जोती. पण दिल्ली दरवाजाचे ते खिळे बघून आजोबा म्हणाले होते, ‘‘हत्तीला आत यायचं धाडस झालं नसतं, मी तर माणूस.’’ ते बाहेरूनच बघून आले.

चौथं दार देवाचं. पर्वतीला जायचं म्हणजे एकशे तीन पायऱ्या. वर गेलं की सगळं शहर खाली दिसतं. संध्याकाळी वर जाऊन बसावं, यासारखं उन्हाळ्यात सुख नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये या पायऱ्यांशी सत्याग्रह झाला. अस्पृश्यांना देवळात प्रवेश द्या, एवढीच मागणी होती. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज पुढं होते. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या बरोबर होते. त्यांच्यावर दगड आले, मार बसला. दार तेव्हा उघडलं नाही. मुंबई राज्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ मध्ये. पर्वतीवर आज तुम्ही मुलांचा फोटो काढता, त्या पायऱ्यांवर कुणी तरी मार खाल्लेला आहे. मुलं पायऱ्या मोजत असतील, तेव्हा त्यांना हे जरूर सांगावं.

पाचवं दार करमणुकीचं. हे त्यातल्या त्यात लवकर उघडलं. मंडईजवळ १९१५ मध्ये ‘आर्यन’ हे पुण्यातलं पहिलं कायमचं सिनेमागृह सुरू झालं. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि १९३६ मध्ये तिचा ‘संत तुकाराम’ आला. ज्यांनी कधी सिनेमा बघितला नव्हता, असे वारकरी तो बघायला गेले. तिकिटाप्रमाणं बसायच्या जागा वेगळ्या होत्या, पण दिवे गेले की अंधार सगळ्यांना सारखा. देवळात जे जमलं नाही, ते थोडंफार थिएटरात जमलं, असं म्हणायला हरकत नाही.

एवढी दारं किलकिली झाली, तरी एक अडचण राहिलीच होती. शहरापर्यंत पोचायचं कसं? बैलगाडीनं दोन-दोन दिवस मोडत. खासगी सर्व्हिस मोटारी होत्या, पण भरल्याशिवाय सुटत नसत. आगगाडी दौंडवरून जाई, आणि दौंड आम्हाला आडबाजूला. इथं आमच्या रस्त्याचं भाग्य उघडलं. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या एसटीची पहिली गाडी धावली, ती अहमदनगर ते पुणे याच मार्गावर. बेडफर्ड बनावटीची, लाकडी बांधणीची, वर कापडी छताची गाडी. अख्ख्या राज्यात जी सेवा पुढं गावोगाव पोचली, तिचा श्रीगणेशा आमच्या शिरूरवरून जाणाऱ्या रस्त्यावर झाला, याचा आम्हाला थोडा अभिमान आहे.

एसटीनं अंतर कमी केलं, हे तर झालंच. पण तिनं आणखी एक गोष्ट केली. तिकीट काढलं की जागा तुमची. शेजारी कोण बसलंय, हे कंडक्टर बघत नसे. गावात ज्यांच्या वस्त्या वेगळ्या, पाणवठे वेगळे, ती माणसं तीन तास खांद्याला खांदा लावून बसली. काहींना ते रुचलं नाही, आणि सुरुवातीला कुरबुरी झाल्याच्या गोष्टी आजोबा सांगत. पण गाडी कुणासाठी थांबत नव्हती.

पाठोपाठ २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा भाग एकदा मुद्दाम वाचून बघा. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही, अशा ठिकाणांची तिथं यादी आहे. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, घाट, रस्ते. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की ही तर आमच्या पोरांची मे महिन्यातली यादी आहे. घटनेत मोठमोठ्या तत्त्वांची कलमं आहेत, आणि त्यांच्या मधोमध एका साध्या पाहुण्याचा दिवस लिहून ठेवलेला आहे. चहा पिणं, पाणी पिणं, खेळ बघणं, रस्त्यानं चालणं.

कायदा झाला म्हणून रीत एका दिवसात बदलत नाही. पुढं कितीतरी वर्षं गावोगावच्या स्टँडवरच्या हॉटेलात काही माणसांसाठी कपबशी वेगळी ठेवलेली असे. ती बाहेर, छपराच्या वळचणीला टांगलेली मी स्वतः लहानपणी पाहिली आहे. पुण्यात ती नव्हती. याचं कारण पुणेकर आमच्यापेक्षा फार उदार होते असं नाही. कारण असं, की पुण्यात तुम्हाला कुणी ओळखत नाही. गावात माणूस आडनावाच्या आधी वस्तीवरून ओळखला जातो. शिवाजीनगरला उतरला की तो फक्त पाहुणा असतो. आमच्या गावचे एक वयस्क गृहस्थ, आयुष्यभर ज्यांनी गावातल्या हॉटेलाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, ते सांगत की पुण्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसून चहा प्यायलो, तेव्हा चहाची चव कळलीच नाही, सगळं लक्ष दाराकडं होतं. दुसऱ्या खेपेला चव कळली. मोठ्या शहराला माणुसकी नसते, असं आपण सहज म्हणून जातो. पण कुणी ओळखत नसणं हीसुद्धा कुणाकुणासाठी मोठी मोकळीक असते.

एसटी आली, कायदा आला, आणि त्याच सुमाराला पुणे महानगरपालिकेनं पाहुण्यांसाठी म्हणावं असं एक ठिकाण उभं केलं. सारसबागेशेजारी १९५३ मध्ये पेशवे उद्यान सुरू झालं. पिंजऱ्यात वाघ, सिंह, माकडं, मोर. म्हणजे पेशव्यांच्या शिकारखान्याच्या परिसरातच पुन्हा प्राणी आले, पण या वेळी ते कुणीही बघावेत म्हणून. १९५६ मध्ये तिथं ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली. मी प्राथमिक शाळेत असताना ती पहिल्यांदा बघितली. आमच्याकडं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा बांधून आणलेला होता. झाडाखाली बसून आम्ही ते खाल्लं, फुलराणीत दोन फेऱ्या मारल्या आणि वाघ झोपलेला होता म्हणून तासभर त्याच्या उठण्याची वाट बघितली. तो उठला नाही. आजी म्हणाली, ‘‘एवढ्या उन्हात तू तरी उठला असतास का?’’ मग ती तुळशीबागेत गेली. रामाचं दर्शन घेतलं आणि बहिणीसाठी पितळेची भातुकली घेतली. आजीला देवळापेक्षा बाहेरची दुकानं जास्त आवडली होती, पण ते ती कबूल करत नसे.

उन्हाळ्यातल्या पुण्याचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पाहुणे ज्या चवीसाठी येतात, त्या चवीच्या मागं गावच असतं. रसवंतीगृहांच्या पाट्या बघा. नवनाथ, कानिफनाथ ही नावं सारखी दिसतात. पुरंदर तालुक्यातल्या मंडळींनी हा धंदा शहरात आणला आणि आपल्या दैवताचं नाव दुकानाला दिलं. कोरडवाहू गावची माणसं शहराला उसाचा रस पाजतात. मस्तानी पहिल्यांदा कुणी केली यावर पुण्यात वाद घालणारे भेटतील. त्या वादात मी पडत नाही. पण घट्ट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा, यातलं दूध जिल्ह्यातल्या गोठ्यांतूनच येतं. कोकणातला हापूस असो, नाहीतर घोडच्या काठचा कांदा-काकडी असो, माल आधी मंडईत येई. घाऊक बाजार पुढं गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. म्हणजे पाहुणाही गावचा आणि पाहुणचाराचं सामानही गावचं. शहर मध्ये उभं राहून दोघांची गाठ घालून देतं.

हीच जाणीव राजा दिनकर केळकर संग्रहालयात फार होते. दिनकर गंगाधर केळकरांनी उभं आयुष्य घालवून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, कोरीव दारं-खिडक्या जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं. एकदा मी शाळेची सहल घेऊन तिथं गेलो होतो. काचेमागचं पाणी तापवायचं तांब्याचं भांडं बघून एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, हे आमच्या घरी आहे.’’ वर्गातली सगळी मुलं तिच्याकडं अशा नजरेनं बघू लागली, जशी राजवाड्यातल्या माणसाकडं बघावं. आपल्या घरातली वस्तू बघण्याजोगी असते, हे त्या पोरीला पुण्यात जाऊन कळलं.

आता आजचं पुणं. पेशवे उद्यानातले प्राणी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले. तिथं मोकळी जागा आहे, सर्पोद्यान आहे. जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की ते बुधवारी बंद असतं. शिवाजीनगरचं एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं गेलं. मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. आणि १ जून २०२२ रोजी, पहिल्या एसटीला चौऱ्याहत्तर वर्षं झाली त्या दिवशी, ‘शिवाई’ ही विजेवरची एसटी सुरू झाली, तीही पुणे-नगर मार्गावरच. अहमदनगरचं आता अहिल्यानगर झालं आहे. रस्ता मात्र तोच.

दारं सगळी उघडली आहेत का? कायद्यानं उघडली आहेत. पण एक नवं दार तयार झालं आहे, ते पैशाचं. चार माणसांच्या कुटुंबानं एका दिवसात पुण्यात सिनेमा बघायचा, जेवायचं आणि वर मस्तानी प्यायची म्हटलं, तर मजुराचा आठवडा त्यात जातो. मोठ्या मॉलच्या काचेच्या दारात रखवालदार कुणाला अडवत नाही, पण पायांत साधी चप्पल असलेला माणूस तिथं आपोआप थबकतो. शनिवारवाड्यापुढं आजोबा थबकले होते, ते मला तिथं आठवतं. ‘मी तर माणूस’ हे वाक्य आजही कुणाच्या तरी मनात उमटत असेल.

म्हणून या सुट्टीत पुण्याला जाणाऱ्या आमच्या भागातल्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. जे फुकट किंवा स्वस्त आहे, ते आधी बघा. त्यातच पुण्याचा खरा ऐवज आहे. पर्वतीवर संध्याकाळी जा. मंडईची दगडी इमारत मान वर करून बघा. शनिवारवाड्याचं तिकीट काढा आणि आत जा, बाहेरून परतू नका. आणि २१ एप्रिलनंतर गेलात, तर एक संध्याकाळ टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसा. विषय शेतीचा असला तर फारच चांगलं. १८७५ मध्ये करड्याचा आणि सुप्याचा शेतकरी ज्या सभेत नव्हता, त्या सभेत खुर्ची रिकामी असते. प्रश्न विचारायची वेळ आली, तर उभं राहून विचारा. शुद्ध-अशुद्धाची काळजी करू नका, निमोण्याच्या बोलीत विचारा.